माड, जर्दाळू, गोल देऊळ, सफरचंद

६ जानेवारी १९७१, बुधवार, तीन राजांचा सण

लिही, अंपारो. मी सांगते तसंच लिही, सुधारू नकोस. मला अक्षर येत नाही म्हणून फसवता येईल असं समजू नकोस. तुझं पेन थांबलं की मला ऐकू येतं.

माझं नाव क्रेसेन्सिया, पण गावात काय आणि इथे मेक्सिको शहरात काय, सगळे दोन्या चेंचाच, म्हणजे चेंचाबाईच, म्हणतात. नवरा गेला तशी मी मुलाकडे, रुतिल्योकडे, राहायला आले. अंपारो त्याची बायको. लग्नाआधी एका कचेरीत टंकलेखन करायची, आता माझ्या मुलाच्या कॉलरी घासते. ही वही तिचीच कल्पना. म्हणाली, "आई, दिवसभर भिंतीशी बोलता, त्यापेक्षा मला सांगा, मी लिहून ठेवते." भिंत निदान मध्ये मध्ये हसत नव्हती.

आज रोस्का कापला. अंपारोनं तो गोल पाव घरीच भाजला होता. पावात चिनी मातीचं बोटभर बाळ लपवलेलं असतं. ज्याच्या तुकड्यात ते निघेल त्यानं घरच्या बाळ येशूला नवे कपडे शिवून आणायचे आणि दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाच्या दिवशी, सगळ्यांना तमालेस, कणसाच्या पानात वाफवलेले मक्याचे मुटके, खाऊ घालायचे. अंपारोनं ताट दोनदा फिरवलं, सुरी इकडे ठेव तिकडे ठेव केलं, आणि म्हणाली, "आई, हा तुमचा." मी चावले तर दाताखाली कट्ट! उरलेल्या दातांपैकी सर्वांत चांगला दात होता तो.

रुतिल्यो म्हणाला, "झालं! म्हणजे कपडे आणायला अंपारोला मेर्सेदच्या बाजारात पाठवावं लागणार."

"बाळ माझ्या तुकड्यात निघालं. मी जाईन."

"तू? आई, डिसेंबरात चरबी आणायला गेलीस आणि पोलिसांनी घरी आणून सोडलं!"

खरं आहे. बसवर नुसती अक्षरं. मी हिरवी बस बघून चढले, आणि या शहरात सगळ्याच बस हिरव्या निघाल्या. तेव्हापासून रुतिल्यो मला तोर्रेओनला पाठवायच्या गोष्टी करतोय, माझ्या मातिल्देकडे. मातिल्दे पोटची पोर आहे, पण तिथे धूळ खायला मिळते, आणि जावई जेवणानंतर ट्यूबा वाजवतो. आज रुतिल्योनं सरळच सांगितलं, "कांदेलारिया झाला की मी स्वतः तुला बसवून देतो. इथे दिवसभर तुझ्यावर कोण लक्ष ठेवणार?"

शेजारचे दॉन फुल्खेन्सियो, म्हणजे फुल्खेन्सियोराव खाटीक, कॉफी प्यायला आले होते. त्यांच्यासमोर मी म्हटलं, "मी एकटी जाऊन, बाळाला सजवून, जेवणाच्या आत घरी परत आले तर तोर्रेओन रद्द. बोल!"

रुतिल्यो हसला. "कबूल. आणि हरवलीस तर?"

"तर मीच गाठोडं बांधेन."

दॉन फुल्खेन्सियो म्हणाले, "मी साक्षीदार." फुकटची कॉफी पिणाऱ्याला साक्षीदार व्हायला नेहमीच आवडतं.

अंपारो काही बोलली नाही. तिला घर मोकळं हवं असणार. लिही, लिही. थांबलीस का?

११ जानेवारी

रुतिल्यो कारखान्यात गेल्यावर अंपारो म्हणाली, "मला लोकर घ्यायचीय, आई. चला, भुयारी गाडीनं जाऊ. शर्यतीच्या दिवशी एकटं जायचं ठरलंय, त्याआधी नाही."

आमच्या घराजवळ ती गाडी गेल्या पावसाळ्यात सुरू झाली. मी आत कधी उतरले नव्हते. जमिनीखाली माणूस एकदाच जातो, अशी माझी समजूत.

सरकत्या जिन्यापाशी मी अडले. मागून एक गृहस्थ ओरडला, "आजी, जिना चालतोय, तुम्ही पण चाला!" मी म्हटलं, "तो चालतोय ना, मग मी कशाला?" आणि पाय टाकला. गाढवावर बसण्यापेक्षा सोपं आहे. गाढव मनात आलं तर थांबतं.

पण खरी गोष्ट पुढेच. अंपारो, ही ठळक लिही. प्रत्येक स्टेशनाला चित्र आहे! भिंतीवर, खांबावर, डब्यातल्या पट्टीवर. आमचं स्टेशन म्हणजे माड. पुढे एका ठिकाणी जर्दाळू. मग एक गोल देऊळ. तिथे गाडी बदलायची, निळ्या पट्टीवरून गुलाबी पट्टीवर जायचं. आणि लगेच सफरचंदांची पेटी, म्हणजे मेर्सेदचा बाजार. माझ्यासारख्या अंगठेबहाद्दरांसाठीच म्हणे ही सोय. ज्यानं कुणी हे ठरवलं त्याला नक्की माझ्यासारखी आजी असणार, आणि ती त्याला चांगली धाकात ठेवत असणार.

सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा एक भिंत माझ्याशी बोलली. मी पुढच्या बाकावरच्या बाईला मोठ्यानं सांगितलं, "जर्दाळू आलं!" ती म्हणाली, "हो, दिसतंय." तिला काय कळणार?

लोकर घ्यायची राहिलीच.

१४ जानेवारी

आज मी पुढे, अंपारो मागे. तोंड उघडायचं नाही असं तिला बजावलं होतं. मी ऐटीत गाडीत बसले. माडानंतर जर्दाळू यायला हवं, तर आलं लोखंडी शिरस्त्राण. पुढे आणखी काहीतरी. शेवटी चंद्र आला आणि सगळे उतरले.

अंपारो ओठ दाबून उभी.

"सांगितलं का नाहीस?"

"तोंड उघडायचं नाही म्हणालात."

चित्र बरोबर असून भागत नाही. गाडीचं तोंड कुठे आहे ते बघायला हवं. चंद्राकडे तोंड असेल ती माझी नाही. माझ्या नवऱ्याचंही असंच होतं. माणूस ओळखीचा, पण निघाला कुठे ते बघून मग सोबत जायचं.

१५ जानेवारी

मी आणि अंपारो परत गेलो. चुकले नाही. लोकर राहिली.

२२ जानेवारी

आज धीर खचला. रात्रीच्या स्वप्नात सगळ्या स्टेशनांवर तेच एक चित्र होतं, ट्यूबा.

खरंच हरवले तर? पोलिसांच्या गाडीतून उतरताना सगळी गल्ली खिडक्यांत होती. रुतिल्यो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्या खांद्यावर शाल टाकली, लहान मुलाला टाकतात तशी. त्या दिवशी मी स्वतःला म्हातारी म्हटलं. त्याआधी नुसती वयस्कर होते.

अंपारो, तुला मी जायला हवी असेन तर तसं सांग. तू काही बोलत नाहीस आणि सारखं पीठ मळतेस. कोपराला पीठ लागलंय ते तुला कधीच दिसत नाही.

ती म्हणतेय, "आई, पुढचं सांगा." पुढचं काही नाही. झोपते.

३० जानेवारी, शनिवार

आज पेन थांबवायचं नाही, कितीही झालं तरी.

सकाळी बाळाला मांडीवर घेऊन पुसलं. ते माझ्या आईचं, लाकडी. गावाहून येताना चुलीची भांडी सोडून त्याला आणलं. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं नाहीत. रुतिल्योला दात येत होते तेव्हा त्यानं ती चावून तोडली. त्यानंतर आपल्या आईच्या देवाच्या पायाकडे त्यानं कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

"जेवणाच्या आत," रुतिल्यो दारातून म्हणाला. शनिवारी त्याचा अर्धा दिवस असतो.

"तू उशीर करू नकोस," मी म्हटलं.

माड, जर्दाळू, गोल देऊळ, सफरचंद. बाणासारखी गेले. मेर्सेदला गाडीचं दार उघडलं की कांद्याचा वास आत येतो. तिथे आंधळासुद्धा चुकायचा नाही. बाजारामागच्या गल्लीत बाळांना शिवून देणाऱ्यांची दुकानं, आणि अख्खं शहर काखेत बाळ घेऊन रांगेत उभं.

माझ्या पुढे एक जाडजूड बाई. नाव हेरलिंदा. घंटेच्या स्टेशनाबाहेर केसादिया, चीज भरलेल्या मक्याच्या पोळ्या, तळते म्हणाली. तिलाही अक्षर येत नाही, तीही चित्रावर चालते.

"तुम्ही कुठल्या?"

"माडाची."

"माडाची! तरीच एवढ्या उंच!" मी तिच्या खांद्याला लागते.

"आणि तुम्ही घंटेच्या, तरीच आवाज थांबत नाही," मी म्हटलं. तिथेच मैत्री जमली.

आमची पाळी येईपर्यंत एकच कापड उरलं होतं, पांढरं साटन, सोनेरी काठाचं. दोघींनी तेच घेतलं. शिवणारीनं बाळांना सजवलं, धूळ लागू नये म्हणून डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं, आणि गर्दीच्या डोक्यांवरून दोन गाठोडी आमच्या हातात दिली. गाडीत एक स्टेशन दोघी बरोबर होतो. गोल देवळाला मी उतरले, ती पुढे घंटेकडे गेली.

माडाच्या गाडीत बसायला जागा मिळाली. बाळ हातात असलं की लोक लगेच उठतात. शेजारची मुलगी म्हणाली, "दोन्या, पायांची पापी घेऊ का?" मी कौतुकानं फडकं सोडलं.

दहा बोटं!

मी पुन्हा मोजली. देवानं चमत्कार केला असेल तर? पण देव माझ्या रुतिल्योच्या दातांचं काम सत्तेचाळीस वर्षांनी कशाला दुरुस्त करेल? तोंडावरचं फडकं काढलं. गोऱ्या गालांचं, निळ्या डोळ्यांचं, परकं बाळ माझ्याकडे बघत होतं. आपलं सावळं बाळ हेरलिंदाच्या काखेत घंटेला निघालं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसाच दुसऱ्याचा!

जर्दाळू आलं. मी उतरले आणि बाकावर बसले.

आता खरं सांगते. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की दोनच स्टेशनं पुढे माड आहे. घरी जा. कपडे तेच, साटन तेच. रुतिल्यो पायांकडे बघणार नाही. शर्यत जिंकलीस. मग मनात आलं, आईनं ते बाळ माझ्या हातात दिलं ते सांभाळायला, हरवायला नाही. आणि तिकडे एक बाई छाती बडवत असेल.

मग कुठे जाऊ? घंटेला? ते स्टेशन मी पाहिलं नव्हतं, पण चित्र कळतं, गेले असते. पण हेरलिंदाही काही बसून राहणारी नाही. तिला माहीत आहे मी माडाची. मी घंटेला, ती माडाला. मग ती परत घंटेला, मी परत माडाला. दोन म्हाताऱ्या पुढच्या कांदेलारियापर्यंत जमिनीखाली शिवाशिवी खेळत राहणार!

आमच्या गावात बकरी हरवली की तिच्यामागे कुणी धावत नाही. सगळ्या वाटा पाणवठ्यावर येतात. तिथे जाऊन बसायचं. मी विचार केला, घंटेवरून माडाला जा नाही तर माडावरून घंटेला, गाडी कुठे बदलावी लागते? गोल देवळाला.

पलीकडच्या बाजूनं परत गेले. तिथे खरंच जुनं देऊळ आहे, छोटं, वाऱ्याच्या देवाचं. गाडीचं भुयार खणताना सापडलं, तसंच उघडं ठेवलंय. एका पट्टीवरून दुसरीवर जाणारा प्रत्येक माणूस त्याच्या शेजारून जातो. मी कठड्याशी बसले, परकं बाळ मांडीवर, तोंड उघडं, म्हणजे आईला लांबून दिसेल.

किती वेळ बसले कोण जाणे. येणारे-जाणारे बाळापुढे क्रूसाची खूण करत होते. एका म्हाताऱ्यानं त्याच्या मांडीवर लाल फूल ठेवलं. पहारेकरी आला. "आजी, हरवलात का?"

"नाही रे बाबा. सापडायची वाट बघतेय."

तो डोकं खाजवत गेला. मग कारखान्यातली पोरं डबे हलवत यायला लागली. शनिवारचा अर्धा दिवस सुटला होता. म्हणजे रुतिल्यो घरी निघाला. म्हणजे जेवणाची वेळ झाली. मी मनातल्या मनात गाठोडं बांधायला घेतलं. दोन झगे, तवा, शाल. तवा मातिल्देकडे आहे, राहू दे.

तेवढ्यात लांबून आवाज, "माडाची बाई! अगं माडाची बाई!"

हेरलिंदा! गर्दी चिरत, घामानं निथळत, माझ्या बाळाला छातीशी धरून. ती माडाच्या बाजूनं आली होती. मला बघून तिनं रडणं आणि शिव्या एकदमच सुरू केल्या.

"घंटेला का नाही आलीस, मेली?"

"आणि तू मला माडाला शोधणार, मग? बस आधी. इकडे आण."

मी पाय बघितला. आठ बोटं. एवढी कमी बोटं बघून एवढा आनंद कुणाला झाला नसेल.

"पण तू इथे परत कशी आलीस?" मी विचारलं. "माडाला थांबली का नाहीस?"

"तिथे एक बाई भेटली," हेरलिंदा कुजबुजली. "जिन्याच्या तोंडाशी उभी होती. मी रडत विचारलं, अशी अशी ठेंगणी म्हातारी पाहिलीत का, बाळ घेऊन? तर म्हणाली, 'सकाळपासून उभी आहे, त्या अजून वर आल्या नाहीत. तुम्ही गोल देवळापाशी जा. त्या उगीच धावणाऱ्यातल्या नाहीत, तिथेच बसल्या असतील.' मी विचारलं, तुम्ही कोण? तर नुसती हसली. आणि तिच्या कोपराला पांढरं काहीतरी लागलं होतं. चमकत होतं गं, उन्हात!"

आम्ही दोघींनी क्रूस केला. कांदेलारियाच्या आईशिवाय, बाळ येशूच्या आईशिवाय, कोण असणार? तीन दिवसांवर तिचा सण, आणि ती स्वतः माडाखाली येऊन उभी!

अंपारोला इथे एवढा खोकला आला की पाणी प्यायला उठावं लागलं. तिला म्हटलं, एवढ्या पवित्र गोष्टीच्या मध्ये खोकू नये.

घरी पोचले तेव्हा बीन्स थंड झाली होती. रुतिल्यो टोपी घालून दारात, पोलिसचौकीत निघालेला. दॉन फुल्खेन्सियो पायरीवर. अंपारो माझ्यानंतर थोड्या वेळानं धापा टाकत आली. ब्रेड आणायला गेले होते म्हणाली, आणि ब्रेड विसरली.

"आई! कुठे होतीस?"

मी सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. चंद्रसुद्धा सांगितला. मग म्हटलं, "जेवणाच्या आत म्हणाले होते. नाही जमलं. बोल आता."

रुतिल्योनं बाळ माझ्या हातातून घेतलं, फडकं सोडलं, आणि थेट डावा पाय बघितला. तुटक्या बोटांवर अंगठा फिरवला. जर्दाळूच्या बाकावर मी केवढी चूक करणार होते! याला तर डोळे मिटूनही कळलं असतं.

"हेच," तो म्हणाला.

दॉन फुल्खेन्सियोंनी घसा साफ केला. "साक्षीदार म्हणून बोलू का? शर्यत एका बाळाची होती. दोन्या चेंचा दोन बाळांना घरी पोचवून आल्या. दुप्पट कामाला वेळ लागणारच. माझा निकाल त्यांच्या बाजूनं."

"पण वेळ—" रुतिल्यो म्हणाला.

"बीन्स गरम केली की जेवणाची वेळ होते," अंपारो म्हणाली आणि चूल पेटवली. "आपण अजून जेवलोय कुठे?"

रुतिल्योनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, टोपी काढली. आणि हसायला लागला, लहानपणी बाळाची बोटं तोंडात धरून हसायचा तसा.

२ फेब्रुवारी, कांदेलारिया

सबंध गल्ली जेवली. शंभराच्या वर तमालेस मी आणि अंपारोनं कणसाच्या पानात बांधले. दॉन फुल्खेन्सियोंनी निकालाची आठवण करून देत देत सात खाल्ले. बाळ साटनमध्ये मधोमध, पाय उघडे. रुतिल्योनं स्वतः ठेवले तसे.

घंटेवरून हेरलिंदा आली, नवरा, सुना, नातवंडं घेऊन, आणि आपलं गोरं बाळ. एकमेकींची बाळं सांभाळली म्हणून आता आम्ही कोमाद्रे, देवासमोरच्या बहिणी. दोन्ही बाळं शेजारी ठेवली. कुणाचं कुठलं ते आता मी पायांवरून सगळ्यांना शिकवलंय.

एक गंमत. अंपारो ताट घेऊन पुढे आली तशी हेरलिंदा तिच्याकडे बघून जागच्या जागी थिजली. तोंड उघडं! अंपारोनं पटकन तिच्या हातात तमाल दिला. "आधी खा हं, कोमाद्रे. गरम आहे. मग बोला." मग दोघी चुलीपाशी बराच वेळ कुजबुजल्या आणि हसल्या. माझ्या सुनेचा चेहरा तिच्या कुणा भाचीसारखा असणार.

रुतिल्योनं आज मातिल्देला फोन केला. आई येणार नाही म्हणाला. आई कामात असते म्हणाला.

४ फेब्रुवारी

आज एकटी घंटेला जाऊन आले. हेरलिंदाच्या केसादिया तेलकट आहेत, पण आवाज त्याहून भारी. वाटेत एक तोफ लागली. घंटेच्या पुढे कुठेतरी टोळ आहे म्हणतात. तो परवा बघते.

अंपारो म्हणतेय, पुढच्या वर्षीही रोस्का तीच भाजणार आणि तीच कापणार. काप म्हटलं. मला या जन्मात एवढं नशीब दुसऱ्या कुणाच्या सुरीनं दिलेलं नाही.

हसतेस काय? लिही ते पण. आणि कोपर पूस.